काँगावर कुणीतरी

प्रिय वेंडेल,

पत्र बघून तुला वाटेल, बर्नडीनचा फोन बिघडला की काय. फोन उत्तम चालू आहे. पण फोनवर मी क्लिफ्टनचं नाव काढलं रे काढलं, की तू "गाडी चालवतोय, मग बोलू" म्हणून ठेवून देतोस. बसवरून निवृत्त होऊन तुला दोन वर्षं झाली, आणि गाडी दिवसभर अंगणात उभी असते हे मला ग्लेंडा सांगते. तेव्हा आता कागदावर सांगते. फोन मधेच ठेवता येतो. लिहिलेलं मात्र तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाहीस, मग ते पावाच्या पुड्यावरचं का असेना.

आधी एक बातमी देऊन टाकते, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. इथे वॉशिंग्टनमध्ये आपल्या ओळखीच्या निम्म्या लोकांची अशी समजूत झाली होती की तू वारलास. घाबरू नकोस, मी बहुतेकांना खरं काय ते सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात तुला अनोळखी नंबरांवरून फोन आले असतील आणि सवयीप्रमाणे तू एकही उचलला नसशील. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. थोडी चूक माझी, थोडी शर्टवाल्या मिस आर्लिनची, आणि मुळात तुझी. कशी ते सांगते.

उन्हाळ्यात डेनीसने तुला फोन केला होता. बँडचा ऑक्टोबरमधला रविवारचा कार्यक्रम आहे, जुने सगळे येताहेत, काँगावर तू हवास, असं तिने सांगितलं. तू म्हणालास, मला तिथे आता कोण ओळखतंय, आणि ज्याने मला 'कुणीतरी' म्हटलं त्याच्या मागे मी उभा राहणार नाही. डेनीस बिचारी की-बोर्ड वाजवणारी, भांडणं मिटवणं तिचं काम नव्हे. ती गप्प बसली. मी गप्प बसले नाही. तुझ्यात आणि क्लिफ्टनमध्ये तेवीस वर्षं जे चाललं आहे ते मी दोन्ही बाजूंनी ऐकत आले. आता कान किटले. मनात म्हटलं, हा येत नाही तर नाही, निदान क्लिफ्टनच्या तोंडून याचं नाव तरी वदवून घेते. ऑक्टोबरच्या आधीच, याच्या साठाव्या वाढदिवसाला, त्याच दिवशी बँडचा एक नेहमीचा कार्यक्रम होता.

ग्लेंडाला तू हे वाचून दाखवशीलच, आणि ती बिचारी कॅरोलिनाची, तिला गो-गो म्हणजे काय ते धड कळलेलं नाही. तर ग्लेंडा, आमच्या गावच्या या गाण्यात गाण्याला फारसा मान नाही. मान आहे तो तालाला. एक गाणं संपलं तरी ढोल, घंटा आणि काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उभे ढोल, थांबत नाहीत, त्याच तालावर पुढचं गाणं चढतं. त्या मधल्या वेळात माईकवरचा माणूस समोरच्या गर्दीतली नावं पुकारतो. कोणत्या वस्तीतले आले, कुणाचा वाढदिवस, कोण तुरुंगातून सुटून आला, कोण देवाघरी गेला. आपलं नाव तिथून पुकारलं गेलं की माणूस आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालतो. तुझा नवरा त्या बँडचा काँगावाला होता, आणि क्लिफ्टन माईकवरचा. दोघं एकाच गल्लीतले. बसथांब्यावर रंगाचे रिकामे डबे उलटे घालून वाजवायला एकत्रच शिकले. पुढे तुझ्या नवऱ्याला बसवर नोकरी लागली, तालमी चुकायला लागल्या आणि क्लिफ्टनचं डोकं फिरलं. एका रात्री त्याने बँडची ओळख करून दिली, एकेकाचं नाव घेऊन, आणि शेवटी म्हणाला, "आणि काँगावर कुणीतरी आहे." तुझ्या नवऱ्याने काँगावरून हात उचलले. ताल थांबला. आमच्याकडे आग लागली तरी ताल थांबवत नाहीत, ग्लेंडा. हा तसाच मंचावरून उतरला, आणि महिन्याभरात बदली घेऊन शार्लटला गेला. पुढचं तुला ठाऊक आहे, तू तिथेच त्याला भेटलीस. एका अर्थाने तुझं लग्न क्लिफ्टनने जुळवलं.

तर वेंडेल, शर्ट. तुझ्या फोटोचा शर्ट घालून क्लिफ्टनच्या समोर उभं राहायचं, असा माझा बेत. मिस आर्लिनला मी फोनवर सांगितलं, आमच्या वेंडेलचा काँगा वाजवतानाचा जुना फोटो पाठवते, वर मोठ्या अक्षरात त्याचं बँडमधलं नाव, 'बिस्किट', खाली जन्मसाल. वाढदिवस आहे हेही सांगितलं, देवाशपथ. पण तिचं दुकान चालतं ते अंत्यविधीच्या शर्टांवर. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचे शर्ट आख्खं घर घालतं, आणि इतकी वर्षं तेच छापून तिच्या हाताला वळण पडलेलं. मी शर्ट आणायला गेले तर तुझ्या मागे निळं आभाळ, पांढरे ढग, दोन कबुतरं, आणि वरून सोनेरी ऊन. मी तिथेच अंगात चढवून बघितला, मला छान वाटलं. तुला मोकळी हवा आवडतेच. मोझेल माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, "बर्नी, हा नक्की वाढदिवसाचाच आहे ना?" मी म्हटलं, साल एकच लिहिलंय, दिसत नाही का? ती म्हणाली, "दुसरं तुझ्या पोटाच्या घडीत गेलं असेल." मैत्रीण म्हणायची, आणि चाळीस वर्षं पदरात पडलेली, बोलणार काय!

क्लब आता शहरात उरला नाही, हद्दीपलीकडे मेरीलँडमध्ये आहे, गालिच्यांच्या दुकानाशेजारी. शहरात जे नवे राहायला आलेत त्यांना ढोल सोसत नाहीत. आणि आपल्या पिढीचा कार्यक्रम संध्याकाळी सहालाच सुरू होतो, कारण दहानंतर निम्म्यांच्या गुडघ्यांना झोप येते. दारावरचा माणूस सगळ्यांच्या पिशव्या तपासत होता. एका बाईच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र सापडलं. तो म्हणाला, "मावशी, नाचायला आलात की तपासायला?" ती म्हणाली, "आधी नाचते, मग तपासते, आणि जास्त निघालं तर तुला उचलून न्यायला लावते." आत भिंतीकडेच्या टेबलावर चिकन विंग्ज होते, त्यावर आपला तो गोड-आंबट लाल सॉस ओतलेला. मोझेलने पांढरी पँट घातली होती, आणि व्हायचं ते झालं.

आधी दोन नवे बँड वाजवून गेले. पोरं चांगली होती, पण फार घाईत. मग आपला बँड आला. डेनीस केस पांढरे ठेवून आली आहे, तिला शोभतात. काँगावर आता एक मुलगी आहे, काळा चष्मा लावणारी, हात दणदणीत. तुझ्याइतके नाहीत, हे मी बहीण म्हणून लिहीत नाही, मोझेलही म्हणाली. क्लिफ्टन वाळला आहे. इतक्या उकाड्यात गळ्याला रुमाल गुंडाळून आला होता. गाणी सगळी डेनीसनेच म्हटली, तो फक्त नावं पुकारायला पुढे यायचा आणि मधे मागे खुर्चीवर बसून थर्मासातून काहीतरी गरम प्यायचा. मला वाटलं, वय झालं. पण नावं घ्यायला लागला की अजून तोच. "साउथईस्टवाले आलेत का?" की तो कोपरा ओरडणार. "बेनिंग रोड?" की हा कोपरा. एका नवरा-बायकोच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. क्लिफ्टन म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं! खून केला असतास तर एव्हाना सुटली असतीस." आख्खा क्लब हसला, नवरा सोडून.

मी ठरवल्याप्रमाणे माणसं सारत सारत पुढे गेले. मंचाच्या अगदी पायाशी उभी राहिले आणि शर्ट दोन्ही हातांनी ताणून धरला, तुझं तोंड नीट दिसावं म्हणून. तो वाढदिवसवाल्यांची नावं घेत होता. मी म्हटलं, आता बघते कसा टाळतो. आणि माझा घात झाला. क्लिफ्टनने शर्ट पाहिला. ढग पाहिले, कबुतरं पाहिली. पाहतच राहिला. माईक तोंडाजवळ आणि तोंडातून शब्द नाही. ज्याचं तोंड चाळीस वर्षांत कधी मिटलं नाही तो माणूस मी मुका झालेला पाहिला. मला कळलं काय झालंय ते. मी मान जोरजोरात हलवायला लागले, नाही, नाही, दोन्ही हात हलवायला लागले. झालं! मागच्या बायकांनी मला धरलंच. "सोस बाई, सोस, देव बघतोय," म्हणून एकीने माझं डोकं आपल्या छातीशी दाबलं. अंगाने माझ्या दुप्पट. मी "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणतेय, आणि ती म्हणतेय, "हो हो, आपल्या मनात तो कायमच जिवंत आहे." करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मग क्लिफ्टनने डेनीसकडे हात केला, आणि एकेक वाद्य गप्प होत गेलं. कीबोर्ड, गिटार, मोठा ढोल. फक्त काँगा उरला. त्या मुलीने मान खाली घातली आणि तुझा तो जुना ताल धरला, उजव्या हाताने अडखळल्यासारखा करून पुढे नेणारा. तिला तो कुणी शिकवला माहीत नाही. तुझ्याच जुन्या टेपांवरून शिकली असणार. क्लिफ्टन पुढे आला. आवाज फाटका होता. म्हणाला, "आपल्या बँडला एक काँगावाला होता. मी एका रात्री त्याचं नाव घेतलं नाही. तुमच्यातले कितीतरी जण त्या रात्री तिथे होते. आज घेतो. काँगावर कोण होता?" आणि वेंडेल, लोक ओरडले. आधी मागचे म्हातारे, मग सगळे. "बिस्किट!" त्याने पुन्हा विचारलं, "काँगावर कोण होता?" पुन्हा "बिस्किट!" माहीत नाही किती वेळा. ज्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही अशी पोरंसुद्धा ओरडत होती. तू म्हणतोस ना, तिथे मला कोण ओळखतंय? ते कानांनी ऐकलं असतंस तर पुन्हा ते वाक्य तोंडातून काढलं नसतंस. मी रडले. भाऊ जिवंत असताना त्याच्या मरणावर ढसाढसा रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मोझेल सगळं जाणत होती, तीही रडली. नंतर म्हणाली, सॉस डोळ्यात गेला होता.

लोकही काय काय बोलून गेले. एक जण म्हणाला, ताल थांबला त्या रात्री मी होतो. मोझेल मला हळूच म्हणाली, त्या रात्री क्लबात दोनशे माणसं होती, आणि आता 'मी होतो' म्हणणारी दोन हजार आहेत. दुसऱ्या एका बाईने सांगितलं, तिचा मुलगा लहान असताना रात्रभर रडायचा, तो तुझ्या बँडची टेप लावली तरच झोपायचा. तो मुलगा आता पोलिसात आहे. ही तिने तक्रार सांगितली की कौतुक, मला कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत गेले, चूक निस्तरायला. क्लिफ्टन एकटाच बसला होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझा हात धरला आणि बोलायला लागला, कुजबुजल्यासारखं. कबूल करते, मी त्याला लगेच थांबवायला हवं होतं. पण त्याला थांबवलं असतं तर जे तेवीस वर्षं अडलं होतं ते पुन्हा अडलं असतं, म्हणून ऐकून घेतलं. तो म्हणाला, "बर्नी, मी त्याच्यावर तालमींसाठी चिडलो नव्हतो. त्याला नोकरी होती, घर होतं, मला फक्त बँड होता. तो एक दिवस सोडून जाणार हे मला दिसत होतं, म्हणून मीच त्याला आधी सोडलं." मग म्हणाला, "वाटलं होतं कधीतरी त्याचा फोन येईल आणि मग मी बोलेन. आख्ख्या गावाशी बोलायचा धंदा माझा, आणि या एका गोष्टीसाठी समोरच्याने आधी बोलावं म्हणून वाट बघत बसलो." आणि मग त्याने विचारलं, "शेवटी त्रास झाला का रे त्याला?" तो मला 'रे' म्हणाला, वेंडेल. लहानपणी आपण तिघं खेळायचो तेव्हा म्हणायचा तसं.

तेव्हा मात्र मला राहवेना. मी सांगितलं, त्याला काही झालेलं नाही, दुपारी त्याने नारळाचा केक खाल्ला, आणि ग्लेंडा म्हणते तीन तुकडे खाल्ले. क्लिफ्टनने माझा हात सोडला. मग म्हणाला, "म्हणजे मी तीनशे माणसांसमोर रडलो आणि तो तिकडे केक चापतोय?" उठला, खुर्चीला लाथ मारली, मला, तुला आणि मिस आर्लिनला अशा शिव्या दिल्या की त्या मी लिहीत नाही, ग्लेंडा चर्चला जाणारी बाई. मग खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला, आणि तो खोकला थांबेना. डेनीस धावत पाणी घेऊन आली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, हे वयाचं नाही.

पुढचा आठवडा माझा दारातच गेला. लोक डबे घेऊन येत राहिले, मॅकरोनी, तळलेलं चिकन, रताळ्याची गोड पाई. प्रत्येकाला मी सांगत होते, तो धडधाकट आहे, आणि प्रत्येक जण आधी देवाचे आभार मानायचा आणि मग माझ्याकडे रागाने बघायचा. डबा मात्र कुणी परत नेला नाही. मिस आर्लिनने केक आणला होता. मी म्हटलं, आर्लिन, निदान तू तरी! तर म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेव, कुणी ना कुणी जाईलच." शर्टाचे मात्र तिने पैसे घेतले नाहीत.

आता हे सगळं कागदावर का घातलं ते सांगते. क्लिफ्टनने मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही, आणि मी ती मोडते आहे. त्याच्या घशात गाठ आहे, चांगली नाही. ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतरच्या गुरुवारी त्याचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर स्वरयंत्र सगळंच काढणार आहेत. माणूस वाचेल म्हणतात, पण आवाज राहणार नाही. म्हणून तो कार्यक्रम ठेवला आहे, म्हणून जुने सगळे येताहेत, आणि म्हणूनच डेनीसने तुला फोन केला होता. तिला कारण सांगायची मनाई होती. त्या रात्री मला निरोप द्यायला तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मी त्याचं नाव घेतलं ते मेलेला समजून घेतलं, बर्नी. तेच शेवटचं ठरायला नको होतं. पण त्याला सांगू नकोस, कीव येऊन आलेला काँगावाला मला नको." तर तू ये. माझ्या घरातली मागची खोली झाडून ठेवली आहे, ग्लेंडालाही आण. त्या काँगावाल्या मुलीला मी विचारलं आहे, ती तुला जागा द्यायला तयार आहे, उलट खूश आहे. आल्यावर तुला काही ठाऊक आहे असं दाखवू नकोस. तरी क्लिफ्टनला कळेलच, माझ्या पोटात काही राहत नाही हे तो लहानपणापासून जाणतो. मग तो माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. ओरडायला त्याच्याकडे आता फार दिवस नाहीत.

तुझीच थोरली बहीण,
बर्नडीन